ऐकणाऱ्यांची यादी

माझ्या टेबलावर एक जुना फोन दिवसभर मुक्यानं कादंबरी वाचत असतो. आवाज शून्यावर, केबल संगणकाला जोडलेली. एका छोट्या स्क्रिप्टच्या हुकमानं त्याची स्क्रीन उजळते, आडवी होते, उभी होते, विझते. चहाचा कप हातात घेऊन जाणारे-येणारे थांबतात आणि विचारतात, "हा काय करतोय?" मी सांगते, "गोष्ट सांगतोय." "कुणाला?" याला उत्तर नसतं. निवेदिका एकामागून एक प्रकरण वाचत असते. तिनं घेतलेले विराम, संवादापुरता बदललेला स्वर, परिच्छेद संपतानाचा श्वास, सगळं त्या फोनच्या आत रीतसर उलगडलं जातं, शेवटच्या पायरीवर शून्यानं गुणलं जातं, आणि जे काही उत्तर येईल ते इमानदारीत स्पीकरकडे पाठवलं जातं.

फोन मुद्दाम जुना घेतला आहे. दोन जीबी रॅम, मागच्या बाजूला तडा, बॅटरी दुपारपर्यंत मान टाकणारी. ऑफिसात बाकी सगळ्यांच्या खिशात आठ-आठ, बारा-बारा जीबीचे फोन, त्यामुळे ऑफिसात कधीच काही बिघडत नाही. बिघडतं ते बाहेर. आमचं अ‍ॅप मराठी पुस्तकं ऐकवतं आणि ती ऐकणारी माणसं बरीचशी रात्रीची किंवा भल्या पहाटेची असतात. डोळ्यांच्या दुखण्यानं वाचन सुटलेले आजोबा, पहाटे चारला डब्याच्या पोळ्या लाटायला घेणाऱ्या ताई, सोसायटीच्या गेटवर एका कानात इअरफोन घालून दुसरा कान गेटकडे ठेवणारा वॉचमन. त्यांची एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत होती. अ‍ॅप क्रॅश झालं असं कुणी म्हणत नव्हतं. एका आजींनी सांगितलं ते असं: "बाई बोलता बोलता गप्पच झाल्या. मला वाटलं मलाच झोप लागली."

बाई आपण होऊन गप्प होत नाहीत. फोनची मेमरी कमी पडायला लागली की अँड्रॉइड चालू असलेल्या अ‍ॅपपैकी एखादं निवडून संपवतं. त्याचा आवाज होत नाही, चुकीची पाटी झळकत नाही, क्रॅशच्या यादीत ओळ उमटत नाही. 2020 साली आलेल्या अँड्रॉइड 11 पासून मात्र एक सोय झाली आहे. अ‍ॅप पुन्हा उघडलं की ते सिस्टिमला विचारू शकतं, मागच्या वेळी मी कशानं गेलो? सिस्टिम दप्तर काढते आणि सांगते: वापरणाऱ्यानं बंद केलं, किंवा क्रॅश झालास, किंवा हाक मारली तरी ओ देईनास म्हणून मारलं, किंवा मेमरी कमी होती. मला या सोयीचं फार कौतुक आहे. आपल्या मागच्या मरणाचं कारण विचारून दिवस सुरू करणारं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडे उत्तर यायचं ते शेवटचं. मेमरी कमी होती.

मग आलेखासमोर बसून राहायचं. अ‍ॅपनं किती मेमरी घेतली आहे ते दाखवणारी एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत राहते. ती चढते, चढत राहते, आणि नको असलेली मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टर झाडून गेला की झपकन खाली येते. पुन्हा चढते, पुन्हा खाली. अशी दातेरी रेघ दिसली म्हणजे अ‍ॅपची तब्येत चांगली. नवखी मुलं टोकांकडे बघतात आणि घाबरतात. टोकांचं काही नाही, तळ बघायचा. झाडून गेल्यावर रेघ जिथे टेकते ती जागा दर वेळी तीच आहे का? आमची रेघ दर वेळी मागच्यापेक्षा जरा वर टेकत होती. एका प्रकरणातून दुसऱ्यात गेलं की जरा वर. फोन आडवा करून उभा केला की जरा वर. भरतीचं पाणी बघताना कसं एकेका लाटेत काही कळत नाही आणि मग चपला भिजतात, तसं ते होतं.

पहिला संशय साहजिकच आवाजावर जातो, कारण आवाज अवाढव्य असतो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. सेकंदाला 1,76,400 बाइट, मिनिटाला दहा एमबीच्या वर. अर्ध्या तासाचं प्रकरण असं उलगडून साठवलं तर तीनशे एमबी त्यातच संपले. पण तसं कुणी साठवत नाही. फाइलमधला दाबून बसवलेला आवाज थोडा थोडा उलगडतात, एका लहानशा बफरमध्ये भरतात, तो वाजतो, आणि त्याच जागेवर पुढचा आवाज लिहिला जातो. निवेदिकेनं उच्चारलेला शब्द ऐकणाऱ्याच्या कानात जाईपर्यंत फोन तो विसरलेलाही असतो. अख्ख्या कादंबरीभर त्या बफरची लांबी बदलत नाही. आवाजाइतकं मागे काही न ठेवणारं या सगळ्या यंत्रणेत दुसरं काही नाही.

साठतो तो आवाजाभोवतीचा पसारा. पुस्तकाचं मुखपृष्ठ घ्या. ऑडिओच्या दुनियेत चित्र 3000 गुणिले 3000 ठिपक्यांचं मागतात. फाइलमध्ये ते छोटं दिसतं, पण स्क्रीनवर दाखवायला पूर्ण आकारात उघडलं की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे 3 कोटी 60 लाख बाइट. उलट बाजूनं, नुसत्या बोलण्याचा आवाज सेकंदाला 64 किलोबिटमध्ये छान मावतो, आणि त्या हिशेबानं तासाभराच्या वाचनाची फाइल 2 कोटी 88 लाख बाइटची होते. एका तासाच्या वाचनापेक्षा एक मुखपृष्ठ जड! आणि ऐकणाऱ्या आजी तर दिवा मालवून, फोन उशीखाली ठेवून पडलेल्या. ते चित्र त्या अंधारात उशीला दाखवलं जात होतं. एकच असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण प्रत्येक प्रकरणाबरोबर स्क्रीन नवी उघडायची, तिच्याबरोबर चित्र पुन्हा नवं, आणि जुनी स्क्रीन आपल्या चित्रासकट मागे तशीच.

जुनी स्क्रीन मागे का राहावी? अँड्रॉइडवर फोन आडवा केला की चालू स्क्रीन मोडतात आणि त्या मापाची नवी बांधतात. झोपेत कूस वळली, उशी हलली, फोन कलला, एवढ्यानं एक स्क्रीन मोडीत निघते. मोडलेली स्क्रीन कुणाच्याच हातात नसेल तर कलेक्टर ती घेऊन जातो. पण आमची स्क्रीन आवाज वाजवणाऱ्या प्लेअरकडे नाव नोंदवून बसली होती. गोष्ट सुरू झाली, थांबली, पुढच्या प्रकरणाला लागली, की मला कळव, म्हणजे मी बटण बदलीन. असं नाव नोंदवणाऱ्याला लिसनर म्हणतात, आणि प्लेअर आपल्याजवळ या ऐकणाऱ्यांची यादी ठेवतो. स्क्रीन मोडली तरी यादीतून नाव निघालं नव्हतं. प्लेअर जिवंत, कारण गोष्ट चालू आहे. प्लेअर जिवंत म्हणून यादी जिवंत. यादीत नाव म्हणून लिसनर जिवंत, आणि लिसनरच्या हाताला धरून अख्खी मोडकी स्क्रीन, तिच्यातली बटणं, तिच्यातलं 3 कोटी 60 लाख बाइटचं मुखपृष्ठ.

ही धरण्याची दिशा मला इतक्या वर्षांनीही चकवते. आपल्याला सवय ही, की ऐकणारा बोलणाऱ्याला धरून असतो. देवळात कीर्तन रंगलेलं असताना कुणी खांबाला टेकून पेंगतं, कुणी गॅसवर दूध ठेवून आलोय हे आठवून मधूनच उठतं, आणि बुवांचा पूर्वरंग चालूच असतो. कोण उठलं याची नोंद ठेवणं हे बुवांचं काम नाही. कोडमध्ये उलटं आहे. बोलणाऱ्याच्या हातात ऐकणाऱ्यांची यादी, आणि ज्याचं नाव त्या यादीत आहे त्याला उठताच येत नाही. त्याचं ऐकून झालं आहे, त्याची जागा मोडली आहे, त्याला बटण बदलायला सांगितलं तर ते बटण कुणालाच दिसणार नाही. तरी दर वेळी त्याला कळवलं जातं, आणि तोही बिचारा दर वेळी बटण बदलतो.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एक पक्षी पाळलेला असतो. स्क्वेअर या कंपनीनं 2015 मध्ये लीककॅनरी नावाचं एक साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची खबर लागावी म्हणून पिंजऱ्यात कॅनरी नेत, 1986 मध्ये ती पद्धत मोडीत निघेपर्यंत. त्या पक्ष्याचं नाव या साधनाला. मोडलेल्या प्रत्येक स्क्रीनवर ते लक्ष ठेवतं, पाच सेकंद वाट बघतं, आणि तरी ती गेली नसेल तर सगळ्या मेमरीचा पंचनामा करून एक वंशावळ छापतं. सर्वांत वर मूळ, जिथून सगळ्यांना धरलेलं आहे. मग एकाखाली एक: याच्या हातात तो, त्याच्या हातात तो. वरच्या मंडळींपुढे लिहिलेलं असतं, हे इथे असणं बरोबर आहे. मधल्यांपुढे, माहीत नाही. ज्या धाग्यावर संशय आहे त्याच्या खाली नागमोडी रेघ. आणि सगळ्यांत खाली आपली स्क्रीन, तिच्यापुढे कारण छापलेलं: एमडिस्ट्रॉइड ट्रू आहे. म्हणजे मोडीत निघाल्याची नोंद खुद्द त्या स्क्रीनच्याच अंगावर आहे. तिला विचारलं असतं तर तिनंही तेच सांगितलं असतं.

आमच्या वंशावळीत नागमोडी रेघ दोन ठिकाणी होती. एक प्लेअरच्या यादीखाली, ती समजली. दुसरी एका विचित्र नावाखाली, धिस-डॉलर-झिरो. हे नाव आमच्या कोडमध्ये कुठेच शोधून सापडत नाही, कारण ते माणसानं लिहिलेलं नसतं. जावा भाषेत एखाद्या स्क्रीनच्या पोटात, जागच्या जागी, बिननावाचा एक छोटा लिसनर लिहिला की कंपायलर आपण होऊन त्याच्या कमरेला एक दोरी बांधतो, दुसरं टोक त्या स्क्रीनला. लिहिणाऱ्याला वाटतं आपण प्लेअरकडे चार ओळींचा निरोप्या पाठवला. त्याच्यामागून दोरीनं सगळं घर ओढत गेलेलं असतं.

त्या ओळी कुणी लिहिल्या ते कोडच्या समासात दिसतं. एका क्लिकवर प्रत्येक ओळीशेजारी नाव आणि तारीख उमटते. बरीचशी नावं आता कंपनीत नाहीत. एक जण बंगळुरूला गेला, एक परदेशी, एकीनं नोकरीच सोडली. मी तारखांच्या क्रमानं ते सगळं वाचत गेले आणि वाचता वाचता माझा सूर बदलला. एक लिसनर फोन वाजला की गोष्ट थांबावी यासाठी होता, आणि रस्ता सांगणारी बाई "पुढे उजवीकडे वळा" म्हणेपर्यंत गोष्टीचा आवाज खाली जावा, म्हणूनही. एक होता इअरफोन उपसला जाण्याची खबर घेणारा. ती खबर अँड्रॉइड फार सुरेख नावानं देतं, ऑडिओ बिकमिंग नॉइझी. आता आवाज बाहेर फुटणार, सांभाळा! भर बसमध्ये वायर निसटली आणि प्रेमप्रसंग सगळ्यांना ऐकू गेला, असं होऊ नये म्हणून कुणीतरी ते जोडलं होतं. एक लॉक स्क्रीनवरच्या बटणांसाठी. एक झोपेच्या टायमरसाठी, अर्ध्या तासानं आवाज एकदम तुटू नये, हळूहळू मावळावा म्हणून. यांतलं एकही निष्काळजीपणानं लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या मागे कुणाची तरी झोप होती, कुणाची तरी लाज होती, आणि ती राखायला बसलेला एक माणूस होता. जोडताना प्रत्येकाला कारण होतं. काढून घ्यायला कारण लागतं ते जोडणाऱ्याच्या समोर कधी येत नाही, कारण त्याच्या फोनवर त्या दिवशी सगळं नीट वाजत असतं.

मेमरी परत कधी घ्यायची हा प्रश्न जुना आहे, आणि त्याची दोन उत्तरं एकाच साली छापली गेली, 1960 मध्ये. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या प्रोग्रामिंग भाषेबद्दलच्या लेखात सांगितलं: मुळापासून सुरुवात करा, धाग्याधाग्यानं जिथपर्यंत पोचता येतं तिथपर्यंत खुणा करत जा, बिनखुणेचं जे उरेल ते झाडून टाका. जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी वाट काढली: प्रत्येक वस्तूला किती जणांनी धरलं आहे तो आकडा तिच्याजवळच ठेवा, शून्य झाला की मोकळी करा. 1963 मध्ये मॅकबेथ नावाच्या गृहस्थांनी एका छोट्या पत्रात या दुसऱ्या वाटेवरची खोच दाखवली. दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं तर बाहेरून दोघींना विचारणारं कुणी नसलं तरी दोघींचा आकडा एकच राहील, शून्य कधीच होणार नाही. अँड्रॉइड पहिल्या वाटेनं जातं, आयफोन दुसऱ्या. मॅकबेथ यांची खोच आजही रोज कुठल्या ना कुठल्या आयफोनवर खरी होते आहे.

आमच्या आयफोनच्या अ‍ॅपमध्ये ती खरी झाली तेव्हा कानांनी ऐकू आली. आमची टेस्टर एक विनोदी पुस्तक ऐकत होती. ते बंद करून तिनं एक चरित्र उघडलं, आणि दोन्ही एकदम सुरू झाली. चरित्रनायकाची आई वारल्याचा प्रसंग आणि त्याच्या पाठीमागून दुसऱ्या निवेदकाचं हसं पिकवणारं वाक्य. तिनं सगळी बटणं दाबून बघितली. विनोदी निवेदक थांबेना, कारण ज्या बटणानं तो थांबला असता ते बटण बंद झालेल्या स्क्रीनबरोबर गेलं होतं. झालं होतं ते असं. खालच्या पट्टीवरचा ठिपका सरकता ठेवायला स्क्रीन प्लेअरला सांगते, दर अर्ध्या सेकंदाला मला कळवत जा. प्लेअर तो निरोप धरून ठेवतो, निरोप स्क्रीनला धरतो, आणि स्क्रीननं प्लेअरला आधीच धरलेलं असतं. तिघांच्या या कड्यात बाहेरचा कुणी नाही. 2011 पासून आयफोनवर धरण्या-सोडण्याचे हे आकडे कंपायलर स्वतः सांभाळतो. त्याआधी प्रोग्रामर प्रत्येक रिटेन आणि रिलीज हातानं लिहीत. पण कडं कुठे तोडायचं हे कंपायलरला कळत नाही, ते अजून माणसानंच सांगायचं.

सांगायची रीत म्हणजे वीक असा एक छोटा शब्द. वीक धाग्यानं ज्याला ओळख दिली त्याचा पत्ता आपल्याजवळ राहतो, पण त्याच्या आकड्यात आपण भर घालत नाही. तो असेल तर भेटतो, गेला असेल तर त्या पत्त्यावर काही नसतं आणि आपण गुमान परत फिरतो. अशी कितीतरी माणसं आपल्या ओळखीची असतात. जुन्या वाड्यातले शेजारी, कॉलेजच्या लायब्ररीतले काका, लोकलच्या डब्यात रोज समोर बसणारी आणि एक दिवस येईनाशी झालेली बाई. त्यांच्यावर आपला भार नसतो आणि आपल्यावर त्यांचा नसतो. या ओळखींना मी पूर्वी कमी लेखत असे. आता तितकंसं वाटत नाही.

पण वीक शब्दाच्या प्रेमात पडलेली मुलं तो सगळीकडे लावत सुटतात, आणि मग दुसरी तऱ्हा होते, घट्ट धरणारं कुणीच उरत नाही. आयफोनवर आवाज वाजवायला नव्यानं शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण एका ठिकाणी अडतो. फाइल बरोबर, नाव बरोबर, प्ले म्हटलं, एकही चूक दाखवली गेली नाही, आणि आवाज मात्र नाही. कारण त्यानं प्लेअर एका फंक्शनच्या आतच तयार केला. प्ले म्हटलं, फंक्शन संपलं, आता प्लेअरला धरलेलं कुणी नाही, आकडा शून्य, प्लेअर गेला. पहिला शब्द तोंडातून फुटायच्या आत गेला. कुणीच धरलं नाही तर गोष्ट सुरूच होत नाही, आणि सगळ्यांनी धरलं तर संपत नाही. कुणीतरी एकानं घट्ट धरायला हवं, आणि तो एक कोण हे आधी ठरायला हवं.

आवाजाच्या कोडमध्ये तेच ठरत नाही. बाकीच्या अ‍ॅपांत सोपं असतं, स्क्रीन गेली की तिच्याबरोबर सगळं गेलं. इथे स्क्रीन गेल्यावरच खरं काम सुरू होतं. आजी स्क्रीन विझवतात ती गोष्ट ऐकण्यासाठी. म्हणजे आवाजाला स्क्रीनपेक्षा जास्त आयुष्य हवं, आणि स्क्रीनला आवाजाच्या आयुष्यात अडकून पडता कामा नये. तबकडीच्या काळात हा हिशेब ऐकणाऱ्याच्या अंगावर होता. 1902 मध्ये कलकत्त्याला फ्रेड गेसबर्ग यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तीन मिनिटांच्या आसपास तबकडीची जागा संपायची. गाणं संपताना गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगत, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं. घरात ऐकणाऱ्याला दर तीन मिनिटांनी उठावं लागे, सुई उचलायला, तबकडी बदलायला. कितीही रंगात आलं तरी उठावंच लागे. आता आठ-आठ, दहा-दहा तासांचं वाचन एका बोटावर सुरू होतं, ऐकणारा तिसऱ्या प्रकरणात झोपून जातो, आणि उठायचं काम कोडवर येऊन पडतं.

दुरुस्ती शेवटी अगदी साधी निघाली. प्लेअर स्क्रीनकडून काढून घेतला आणि स्क्रीनशिवायही चालणाऱ्या एका सर्व्हिसच्या हवाली केला. आता त्याला घट्ट धरणारी तीच एक. स्क्रीन दिसू लागते तेव्हा नाव नोंदवते, दिसेनाशी होते तेव्हा नाव काढून घेते. नोंदवण्याची ओळ जिथे, तिच्या जोडीची काढण्याची ओळ बरोबर समोर. इअरफोनची खबर घेणाऱ्याचंही तसंच. मुखपृष्ठ स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढ्याच मापाचं उघडायचं. आणि गोष्ट खरोखर संपली, की प्लेअरला रिलीज म्हणायचं. हे विसरून चालत नाही, कारण कलेक्टरला प्लेअर म्हणजे एक चिमुकली वस्तू दिसते. तिच्या मागे सिस्टिमच्या ताब्यातला, आवाज उलगडणारा डिकोडर अडवून ठेवला आहे हे त्याच्या वहीत नसतं. असे प्लेअर फार झाले तर पुढच्याला वाजायला जागाच मिळत नाही. हे सगळं करून झालं आणि फोन पुन्हा मुक्यानं वाचायला लावला. रेघ चढत होती, उतरत होती, आणि तळ जागच्या जागी होता.

या कामाचं डेमोत दाखवण्यासारखं काहीच नसतं. नवं बटण नाही, रंग बदललेला नाही. नव्या आवृत्तीत काय आहे हे अ‍ॅपच्या दुकानात लिहायचं म्हणून कुणीतरी विचारलं, आणि तिथे "किरकोळ दुरुस्त्या" एवढं गेलं. आजींचा फोन पुन्हा आला नाही. सगळं ठीक चालू आहे म्हणून, की त्यांनी ऐकणं सोडलं म्हणून, हे आलेखावरून कळत नाही.

हे वाक्य मी सहज लिहिलं खरं, पण तेव्हापासून अडकून आहे ती त्याच ठिकाणी. सगळा पसारा आवरताना एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवतात: ऐकणारा कुठे थांबला ती जागा. सुरुवातीपासून किती मिलिसेकंद झाले, एवढा एक आकडा. आठ बाइट. मुखपृष्ठ गेलं, स्क्रीन गेली, प्लेअर गेला, अ‍ॅप मारलं गेलं, तरी तो आकडा सर्व्हरवर असतो, आणि दुसऱ्या दिवशी निवेदिका बरोबर त्या शब्दापासून पुढे बोलू लागते. पण सगळे दुसऱ्या दिवशी येतात असं नाही. काही आकडे वर्षानुवर्षं जागचे हललेले नाहीत. कुणी पहिल्याच प्रकरणात कंटाळून थांबलेलं, ते समजू शकतं. कुणी शेवटची काही मिनिटं उरली असताना थांबलेलं. का, ते कोण सांगणार?

मॅकार्थी यांची रीत असो की कॉलिन्स यांची, यंत्राला एवढंच बघता येतं, की या वस्तूपर्यंत कुणी पोचू शकतं का. कुणी येणार आहे का, हे त्याला बघता येत नाही, आणि कितीही हुशार कलेक्टर लिहिला तरी येणार नाही. पोचता येतं पण कुणी येणार नाही, अशा वस्तूंनाच आम्ही लीक म्हणतो आणि रात्ररात्र जागून काढून टाकतो. त्या व्याख्येत हे आकडे चपखल बसतात. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा एकानं सांगितलं, माणसं कधी काय ऐकत होती हे आपल्याकडे साठवून ठेवणंच बरं नाही, वर्षभरानं पुसून टाका. दुसऱ्यानं हिशेब करून दाखवला, सगळे मिळून एका मुखपृष्ठाइतकेही व्हायचे नाहीत, असू देत. तिसरी म्हणाली, "माझ्या बाबांचा आहे त्यात एक. पुसणार असाल तर आधी सांगा."

त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि विषय तिकिटात लिहून ठेवायचं ठरलं. तिकीट माझ्या नावावर आहे. त्यावर प्राधान्य "कमी" असं आहे, आणि दर पंधरवड्याच्या प्लॅनिंगला मी ते पुढच्या पंधरवड्यात सरकवते. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.